तळ्यावर गरवणाऱ्याला बसायला जागा द्या

प्रति,
मा. मुख्य अभियंता, जलस्रोत खाते,
मा. संचालक, मत्स्योद्योग खाते,
मा. संचालक, पर्यटन खाते,
गोवा सरकार.

विषय : तळी आणि धरणांच्या काठावर गरी (गळ) घालून मासे धरण्यास रीतसर परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

तिघांना मिळून एकच पत्र लिहितो आहे. वेगवेगळी लिहिली असती तर तिन्हीकडून 'हा विषय आमच्याकडे येत नाही' असे उत्तर आले असते, आणि तिन्ही उत्तरे खरीही असती. पाणी एका खात्याचे, पाण्यातला मासा दुसऱ्याचा, काठावर बसलेला माणूस तिसऱ्याचा. काठामागचे झाड वन खात्याचे. तळे गावकारीचे, म्हणजे गावच्या सामाईक मालकीचे असेल तर कोमुनिदाद ही जुनी गावसंस्था आहेच. एवढ्या मालकांच्या मध्ये एक माणूस हातात काठी घेऊन बसला, तर तो नेमका कोणाच्या परवानगीने बसला हे आजवर कोणी मला सांगू शकलेले नाही.

मागणी आधीच सांगून टाकतो. गोव्यातल्या निवडक तळ्यांवर आणि जलाशयांवर, आखून दिलेल्या काठावर, ठरलेल्या महिन्यांत, एका माणसाला एक गरी या हिशेबाने मासे धरू द्या. त्याची फी घ्या. नियम मोडला तर दंड करा. आणि हा कारभार गावाकडे सोपवा. जाळी, होड्या, ठेके यातले काही मी मागत नाही.

गोव्यात नुस्ते, म्हणजे मासळी म्हटले की डोळ्यासमोर समुद्र येतो. इसवण, बांगडा, सुंगटे. गोड्या पाण्यातल्या माशाला किनाऱ्यावरची माणसे नाक मुरडतात, 'मातीचा वास येतो' म्हणतात. पण सत्तरी, डिचोली, धारबांदोडा, सांगे या भागांत पिढ्यान्‌पिढ्या व्हाळ (ओढे), कोंडी (ओढ्यातले डोह) आणि तळी यांतलेच नुस्ते शिजत आले. थिगूर, मरळ, खवळे ही आमची रोजची नावे. तिरफळ घालून केलेले थिगुराचे हुमण, म्हणजे कालवण ज्याने खाल्ले आहे, तो मातीच्या वासाबद्दल बोलणार नाही. असो, हे पत्र स्वयंपाकाबद्दल नाही.

गरवणे म्हणजे काय हे कार्यालयात बसून कळायचे नाही, म्हणून थोडे सांगतो. बांबूची लवचीक काठी किंवा हल्ली मिळतो तो रीळ लावलेला रॉड, त्याला तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, टोकाला गरी, गरीच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा मणी आणि त्याच्याही वर बुचाचा तुकडा. गांडूळ लावायचे किंवा हळद घालून मळलेली कणीक. पाऊस ओसरला की तळ्याचे तांबडे पाणी हळूहळू निवळते, तळाशी गाळ बसतो, आणि गरवायचे दिवस सुरू होतात. बूच नुसते थरथरले तर खवळा टोचतो आहे. सावकाश एका बाजूला सरकत गेले तर थिगूर. आणि एकदम गडप झाले तर मरळ, तेव्हा काठी दोन्ही हातांनी धरलेली बरी.

हे झाले ते क्षण. बाकी सगळा वेळ काही घडत नाही. याच रिकाम्या वेळाकडे मला तुमचे लक्ष वेधायचे आहे. तासन्‌तास पाण्याकडे बघत बसणाऱ्याला तळ्यावरचे सगळे दिसते. बांधाला कुठे पाझर लागला आहे, मानशीची (पाणी अडवण्या-सोडण्याच्या दाराची) फळी कुठे कुजली आहे, कालपर्यंत नितळ असलेल्या कोपऱ्यावर आज तेलाचा तवंग का आहे, कुठल्या वाटेने टेम्पो येऊन कोंबड्यांची पिसे आणि आतडी टाकून जातो, जलपर्णी या आठवड्यात कुठवर पसरली. कोणत्या खडकावर पाणमांजराची माशाच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा पडलेली असते, तेही त्याला माहीत असते. असा माणूस तुम्हाला पगार देऊन मिळणार नाही. तो स्वतःच्या खर्चाने येऊन बसतो आणि तुम्ही त्याला उठवता.

एका धरणावरचा प्रसंग सांगतो. नाव सांगत नाही, कारण दोष त्या रखवालदाराचा नव्हता. संध्याकाळची वेळ होती, मी भिंतीपासून चांगला लांब, आतल्या बाजूला बसलो होतो. तो बिचारा घामाघूम होऊन चालत आला आणि म्हणाला, "काका, हांगा बसूं नाका, सायब येतलो." मी सामान आवरले. आवरता आवरता समोरच्या काठावर चाललेली पार्टी त्याला दाखवली. गाडीची मागची दारे उघडी टाकून स्पीकर लावलेला, चूल पेटलेली, दोन पोरे कमरेएवढ्या पाण्यात, हातात बाटल्या. तो म्हणाला, "तांकां कोण सांगतलो?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. तिथल्या फलकावर 'मासे मारण्यास सक्त मनाई' असे होते. फलक वाचणाऱ्याला फलक लागू, न वाचणाऱ्याला सगळे माफ, अशी आज काठाकाठावरची स्थिती आहे.

वास्तविक त्या पार्टीसाठी कायदा आहे. पर्यटन स्थळांच्या संरक्षणाचा २००१ चा गोव्याचा कायदा २०१९ साली दुरुस्त झाला. उघड्यावर दारू पिणे, स्वयंपाक करणे, बाटल्या फोडणे यांना त्यात दंड आला. किनाऱ्यांवर त्याची थोडीफार अंमलबजावणी दिसते. हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या ताज्या दारूच्या दिवसांत एखाद्या रविवारी दुपारी आमच्याकडच्या कुठल्याही पाणवठ्यावर या आणि पायाखाली काचा किती लागतात ते बघा.

माशाच्या बाबतीत तर कायदा त्याहून जुना आहे. १८९७ चा भारतीय मत्स्य कायदा पाण्यात स्फोटके टाकून किंवा विष कालवून मासे मारायला सरळ बंदी करतो. त्याच कायद्याच्या सहाव्या कलमाने राज्य सरकारला ठरावीक पाण्यासाठी नियम करायचा अधिकार दिला आहे: जाळ्याच्या घरांचा आकार किती, कोणती साधने चालतील, इतकेच काय, एखाद्या पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी पूर्ण बंद ठेवायचीही मुभा आहे. म्हणजे मी जे मागतो आहे त्यासाठी नवा कायदा लागत नाही. टेबलावर आहे तोच उघडून बघायचा आहे.

आता खरा धोका कुठे आहे ते सांगतो. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, ती गोव्यात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. नेमक्या त्याच दिवसांत, पहिल्या जोरदार पावसानंतर, आमच्या व्हाळांतून चढणीचे मासे वर येतात. पोटात अंडी भरलेली असतात, त्यांना भरलेल्या शेतात, उथळ, संथ पाण्यात पोहोचायचे असते. थिगूर तर ओल्या गवतावरून सरपटत एका शेतातून दुसऱ्या शेतात जातो, त्याला हवेतून श्वास घेता येतो. पूर्वी लोक कंदील घेऊन रात्री व्हाळावर जात, हाताने किंवा कोयत्याच्या पाठीने चार मासे मारून घरी येत. ती मजा मीही केली आहे आणि तिला माझा विरोध नाही. पण आता व्हाळ या काठापासून त्या काठापर्यंत जाळे लावून बंद केला जातो. वर कोंडीत ब्लीचिंग पावडर ओततात. काही ठिकाणी इन्व्हर्टरची बॅटरी पाठीवर बांधून पाण्यात करंट सोडतात. करंटाने मोठा मासा उलटा होऊन वर येतो, तो हे नेतात. बोटाएवढी पिल्ले, बेडूक, खेकडे, पाणसाप तिथेच मरून पडतात. ब्लीचिंगने तर कोंडीतली शेवटची कोळंबीसुद्धा जाते, आणि खाली त्याच पाण्यावर गुरे येतात.

हे करणारे लोक फलकाला भीत नाहीत, काळोखाला तर नाहीतच. त्यांना भीती असते ती फक्त एकाची, तिथे आधीच कोणीतरी बसलेला असण्याची. गरीवाल्याला उठवून तुम्ही कोंडी नेमक्या कोणासाठी मोकळी करता, याचा विचार व्हावा.

आमच्यावर बंधने घाला, हवी तेवढी. काही मीच सुचवतो, कारण ती पाण्याजवळ बसल्याशिवाय सुचत नाहीत.

मरळ घ्या. पावसाळ्यात झाडोऱ्याच्या कडेने, उथळ पाण्यात मधूनच तांबूस-नारिंगी ठिपक्यांचा एक पुंजका वर येतो, पाणी बारीक उकळल्यासारखे दिसते, आणि पुंजका पुन्हा खाली जातो. ती मरळीची पिल्ले. त्यांनाही वर येऊन हवा घ्यावी लागते. त्यांच्या खालीच, हातभर खोलीवर, नर-मादी राखण करत असतात. त्या वेळी पुंजक्याजवळ बेडकासारखे रबरी आमिष ओढले तर मरळ भूक नसतानाही त्यावर तुटून पडते, पिल्लांचा शत्रू समजून. हल्ली मोबाइलवर असे व्हिडिओ बघून पोरे हेच करायला शिकली आहेत. फोटो झकास येतो. पण राखणदार गेल्यावर ती शेकडो पिल्ले खवळे आणि बगळे तासाभरात संपवतात. एका मासळीपायी तळ्याचा एक आख्खा हंगाम जातो. म्हणून जून ते सप्टेंबर मरळ पूर्ण बंद, आणि त्या काळात रबरी बेडूकही बंद. हा एक नियम लिहून काढलात तरी मी हे पत्र सार्थकी लागले समजेन.

दुसरे, चारा. रोहू-कटल्याच्या मागे लागलेले लोक पेंड, कोंडा आणि कसकसले मसाले आंबवून त्याचे मोठे मोठे गोळे पाण्यात फेकतात. वाहत्या नदीत हे खपते. साठलेल्या पाण्यात ते तळाशी कुजते आणि प्राणवायू खाते. साळावली धरणाच्या पाण्यावर दक्षिण गोव्याचा मोठा भाग तहान भागवतो. तिथे आंबवलेली पेंड फेकायला परवानगी देणे म्हणजे स्वतःच्याच नळात टाकण्यासारखे आहे. गरीला लागेल तेवढेच आमिष, बाकी काही नाही.

तिसरे तंगूस. तुटलेले तंगूस वर्षानुवर्षे कुजत नाही. पाण्यावर वाकलेल्या फांदीला लोंबणाऱ्या तंगुसात पंख अडकलेला पाणकावळा मी सोडवला आहे. चोचीचे दोन घाव अजून मनगटावर आहेत. त्याची चूक नव्हती. काठावर येताना तंगूस किती आणि जाताना किती हे कोणी मोजणार नाही, ते ठाऊक आहे. पण तुटका गुंता टाकायला एक पाइपाचा तुकडा खांबाला बांधून ठेवायला काय लागते?

पकडलेला मासा परत पाण्यात सोडायचा, अशीही एक पद्धत बाहेरून आली आहे. बेळगाव, पुणे, बेंगळुरूहून येणारे शौकीन ती कसोशीने पाळतात. गरीचा उलटा काटा पक्कडने दाबून घेतात, हात ओले केल्याशिवाय माशाला धरत नाहीत, कारण कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि मग मासा सडून मरतो. हे शिकण्यासारखे आहे. पण दुपारभर बसून धरलेला मासा मुद्दाम सोडून आलो असे आमच्या घरी सांगितले तर मला जेवायला वाढणार नाहीत. तेव्हा सोडायची सक्ती नको. एका माणसाला दिवसाला ठरलेले मासे, वितीपेक्षा लहान असेल ते परत पाण्यात, आणि विक्री बंद, एवढे पुरे. ज्यांना सगळेच सोडायचे आहेत त्यांनी खुशाल सोडावेत.

मत्स्योद्योग खात्याचे म्हणणे असू शकते की जलाशयातली मासळी आम्ही सोडलेली आहे. बरोबर आहे. रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा वीण घालत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून धरणात मत्स्यबीज सोडावेच लागते. त्याला पैसे पडतात. मग गरवणाऱ्याकडून फी घ्या ना! फुकट कोण मागतो आहे? फक्त बीज सोडताना थाई मांगूर चुकूनही येऊ देऊ नका. त्याच्या पैदाशीवर देशभर बंदी आहे, तरी तो फिरत असतो. एकदा का तळ्यात शिरला की आमचा थिगूर संपला म्हणून समजा.

सगळ्या पाण्यांना एकच नियम लावू नका, ही जलस्रोत खात्याला खास विनंती. करमळीचे तळे आणि कुडचड्याचे नंदा तळे ही पक्ष्यांची. नंदा तळे सुमारे ४२ हेक्टरचे, २०२२ मध्ये रामसर या आंतरराष्ट्रीय पाणथळांच्या यादीत गेलेले गोव्याचे पहिले पाणथळ. तिथे कमळपक्षी पानांवरून चालतात, अडईचे थवे उतरतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दोन्ही ठिकाणी गरी अजिबात नको, आणि मी हे गरवणारा म्हणून सांगतो. कुडतरीसारख्या गावांत तळ्याचे पाणी शेतीचे आहे, कुठे मासळीची पावणी (लिलाव) होते; तिथे गावकार आणि शेतकरी म्हणतील तसे. अंजुणे धरणाच्या मागे म्हादई अभयारण्य आहे, साळावलीला नेत्रावळी लागून आहे. अभयारण्याची हद्द जिथे सुरू होते तिथे काठी बंद करून परत फिरायचे, पण ती हद्द कुठे सुरू होते ते काठावर दगडाला रंग लावून तरी दाखवा. खुद्द धरणाची भिंत, दरवाजे, सांडवा या भागात कोणीही जाऊ नये याबद्दल दुमत नाही. साळावलीच्या त्या गोल सांडव्याजवळ रेलिंगवर चढून सेल्फी काढणारे बघितले की माझ्याच पोटात गोळा येतो.

साळावलीचा विषय निघालाच आहे तर कुर्डीबद्दल लिहितो. धरणाच्या पाण्याखाली गेलेले हे गाव, गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे. मे महिन्यात पाणी उतरले की सोमेश्वराचे देऊळ आणि घरांच्या जोत्यांचे दगड उघडे पडतात, आणि वाडे, वालकिणीकडे वसवलेली माणसे आपापल्या गावात येतात, देवाला नारळ ठेवतात, आपली विहीर कुठे होती ते नातवंडांना दाखवतात. दुसऱ्या बाजूने बघ्यांच्या गाड्या थेट चिखलात उतरतात. अंजुण्याच्या पाण्याखालीही गावे गेली आहेत. उद्या या काठांवर परवाने निघाले, चहाचे दुकान आले, काठ्या भाड्याने देण्याचा धंदा आला, तर त्यावर पहिला हक्क या कुटुंबांचा असला पाहिजे. ज्यांची भातशेते आणि कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा) पाण्याखाली गेली, त्यांच्या मुलाने त्याच पाण्यावर बसायला बाहेरच्या ठेकेदाराकडे पैसे भरायचे, असली व्यवस्था होणार असेल तर आजचा फलकच बरा.

गावाकडे कारभार द्या म्हटले की 'गावात कोण करणार' असा प्रश्न येतो. प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे, २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली. त्या समितीने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते, तीत गावातले मासे, त्यांचे विणीचे दिवस, धरायच्या रीती हे सगळे यायला हवे. बऱ्याच ठिकाणी ही वही एकदा तयार झाली आणि कपाटात गेली. परवान्याचे पुस्तक या समितीकडे ठेवा. दिवसाचा परवाना पंचायतीत किंवा तळ्याजवळच्या दुकानात मिळावा, गावातल्या माणसाला नाममात्र दरात, शाळकरी मुलांना फुकट. परवान्याच्या मागच्या बाजूला मराठीत आणि कोंकणीत नियम छापा, आणि काय धरले ते लिहायला चार ओळी मोकळ्या सोडा. वर्षभरात त्या चार-चार ओळींतून तुम्हाला कुठल्या तळ्यात काय उरले आहे हे कळेल. तेवढ्यासाठी सल्लागार नेमायची गरज पडणार नाही.

जीव जाण्याची भीती हे मनाईचे सर्वांत खरे कारण आहे, त्याला मी हसणार नाही. दर पावसाळ्यात धबधबे, नद्या आणि खाणींच्या खंदकांत बुडून माणसे जातात, आणि जिल्हाधिकाऱ्यांना तिथे उतरायला बंदीचे आदेश काढावे लागतात. पण बुडणारे बहुतेक पोहायला उतरलेले असतात, त्यातही दारू पोटात असलेले. काठावर बसून गरवणारा पाण्यात उतरतच नाही. उतरला तर मासे पळतील. तरीही पावसाळ्यात जलाशयांचे काठ बंद ठेवा, चालेल. डिचोली, सांगेकडच्या बंद खाणींचे खंदक आणि चिऱ्यांच्या खाणी बारमाही बंद ठेवा. तिथे काठ म्हणून काही नसतोच, पायाखालची माती सुटली की सरळ खोल पाणी. उरलेल्या ठिकाणी एक दोरी बांधलेले टायर आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा नंबर, एवढे तरी लावून ठेवा.

मगरींबद्दलही बोलले पाहिजे. अमठाण्याच्या धरणासारख्या पाण्यात त्या आहेत आणि कायद्याने त्यांना सर्वोच्च संरक्षण आहे. मगर वासाच्या मागे येते. म्हणून मासा तिथेच पाण्याच्या कडेला साफ करून आतडी पाण्यात टाकायची जी वाईट खोड आपल्याला आहे, तिला दंड हवा. मासा घरी नेऊन साफ करावा. वेणीत बांधलेले मासे पाण्यात सोडून ठेवायचे, तेही अशा ठिकाणी नको. आणि संधिप्रकाशानंतर काठ रिकामा झाला पाहिजे.

आता पर्यटन खात्यासाठी वेगळे चार शब्द. मये तळ्यावर २०१८ साली बंजी जंपिंग आले, त्याच्या जाहिराती झाल्या, लोक येतात, उड्या मारतात. मारोत. पण किनाऱ्यापलीकडचा गोवा दाखवायचा म्हटले की दर वेळी काहीतरी उंच, वेगवान आणि तिकीट लावता येण्याजोगे उभारायचे, ही सवय सोडा. तळ्याला येणाऱ्यांत निम्म्या लोकांना नुसते बसायचे असते. म्हातारी माणसे बांधावरून फिरतात, पोरे खेकडे शोधतात, कोणी दुर्बीण घेऊन येतो, कोणी सायकलवरून घाम पुसत थांबतो. त्यांना हवे असते ते सावलीतले बाकडे, बायकांना जाता येईल असे स्वच्छतागृह आणि चहा. स्पीकर नको असतो. एखादी महिला मंडळाची गाडी भजी आणि चहा विकायला उभी राहिली तर गावात पैसा येईल आणि काठावर नजरही राहील. मासे धरण्याचा महोत्सव मात्र कृपा करून भरवू नका. शे-दीडशे माणसे एका सकाळी एका तळ्यावर, मंडप, बक्षिसे, निवेदक... तळे महिनाभर सावरणार नाही.

हे सगळीकडे एकदम करा असे म्हणत नाही. मयेपासून सुरुवात करा. रस्ता आहे, वाहने लावायला जागा आहे, पर्यटन महामंडळाचे लोक तिथे आहेतच. तळ्याचा होड्या फिरतात तो भाग सोडून, लांबच्या बाजूचा एखादा काठ आखून द्या. ऑक्टोबरात पाणी निवळले की उघडा, मेअखेरीस बंद करा, आणि परवान्यांच्या मागच्या ओळी जूनमध्ये तिन्ही खात्यांनी एका टेबलावर बसून वाचा. नुकसान झाले असे दिसले तर पुढच्या वर्षी बंद करा, मी पत्र लिहिणार नाही.

उत्तर एकाच खात्याकडून आले तरी चालेल. त्यात 'योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवले आहे' असे असेल, तर कोणाकडे पाठवले तेवढे लिहावे.

आपला,
डिचोली तालुक्यातील एक गरवणारा

ता. क. : तुमच्यापैकी कोणाला प्रत्यक्ष बघायचे असेल तर काठी माझ्याकडे जादा आहे. गांडुळेही मीच आणीन. येताना फक्त पांढरा शर्ट घालू नका, खवळे लांबून बघतात.